कर्ण्याचा गळा कुणी नेला

१

“या गं मायांनो, या गं लेकींनो, दिवा मालवायच्या आत या. पडदा काय तुमची वाट बघत बसायचा न्हाय.”

सोनारीच्या जत्रेत, भैरोबाच्या देवळामागच्या माळावर, टुरिंग टॉकीजच्या कर्ण्यातून ही हाक यायची. कर्ण्यातले आवाज सहसा पत्र्यासारखे कडक असतात. हा ताटात ओतलेल्या दुधासारखा होता. पसरायचा, पण सांडायचा नाही. हाक देणारी पोरगी आधी सिनेमाचं नाव सांगायची, मग तिकिटाचा दर, आणि लोक रेंगाळताना दिसले की मधेच एखादी ओवी सोडून द्यायची:

सोनारीच्या वाटंवरी गुलालाची लाल माती
भैरोबाच्या देवळात माझ्या बंधूच्या गं वाती

उत्तरेश्वर तेव्हा तेरहून जत्रेला आलेला कॉलेजातला पोरगा. तिकिटापुरते पैसे खिशात असूनही तो बाहेरच थांबायचा. आत गेलं की सिनेमा सुरू व्हायचा आणि तो आवाज बंद.

हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आता डोक्यावर पांढरं आलं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, धाराशिवच्या कोर्टातली नोकरी संपवून तो कळंबात येऊन राहिला, तरी नाही. ती हाक देणारी शांताक्का उमरग्याला नांदली, विधवा झाली आणि कळंबला भावाच्या घरी परत आली. दर रविवारी दुपारी ती आत चहा गाळायची, आणि उत्तरेश्वर बाहेरच्या बैठकीत तिच्या भावाकडं गाणी ऐकायला यायचा. गाणी ऐकायलाच येतो, असं सगळे समजत. तोही तसंच समजायचा प्रयत्न करी.

भाऊ म्हणजे रामलिंगअप्पा, आडत दुकानवाले. बापाची टॉकीज मोडली तेव्हा वाटणीत अप्पांना मशीन आणि कर्णा आला. धाकट्या गौरीशंकरला तंबू, खुर्च्या आणि जनरेटर. शांताक्का सगळ्यांत थोरली, पण लेक, तिला साडीचोळी.

मशीन म्हणजे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. लोखंडी पाटावर उभ्या काचेच्या बाटल्या. तापल्या की आत शेंदरी वात उजळायची. ताकद बघाल तर न्हाणीतल्या बल्बाहून कमी. पण तिच्यासमोर जो कर्णा होता, सागवानी, बैलगाडीच्या चाकाएवढ्या तोंडाचा, तो इतका उदार की मशीननं चिमूटभर दिलं तरी ओंजळभर करून वाटायचा. अशी जोडी जमणं म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं. नव्या पेट्या जोडल्या तर तीच मशीन दम लागलेल्या म्हातारीसारखी कण्हायची. आणि कर्ण्याचं एक असतं: तोंड जिकडं, तिकडंच गाणं. समोरच्या खुर्चीला साय, स्वयंपाकघराला ताक. त्या समोरच्या खुर्चीवर अप्पा स्वतः बसत. कळंबात ज्याला म्हणून कान होते त्याला त्या खुर्चीचा हेवा होता, आणि उत्तरेश्वरला तर तो जेवणातल्या खड्यासारखा लागायचा.

त्या रविवारी अप्पांनी तबकडी चढवली, मशीनचं बटण दाबलं. वाती शेंदरी झाल्या. सुई टेकवली.

काहीच आलं नाही. नुसती सुईच, तबकडीवर डासासारखी बारीक गुणगुणत राहिली.

अप्पांनी बटण बंद केलं, कर्ण्यामागं वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. कर्ण्याच्या गळ्याशी जे युनिट असतं, ज्यात आवाज जन्मतो ते लोहचुंबकाचं जड डबडं, ते कुणीतरी आटे फिरवून काढून नेलं होतं. उरलं होतं मोकळं भोक. आणि मशीनच्या मागं, जिथं कर्ण्याच्या तारा लागतात, तिथं विजेच्या शेगडीतल्या स्प्रिंगसारख्या तारेचा काळपट तुकडा बांधलेला.

“थट्टा,” अप्पा म्हणाले. त्यांनी तो तुकडा उपटला आणि उत्तरेश्वरच्या पायाशी टाकला. “गळा नेला, वर कचरा बांधून ठेवला. भाऊसाहेब, काल बाजाराच्या दिवशी म्या दुकानात असताना इथं कोण बसलं होतं एकटं?”

“मी. तुमची वाट बघत.”

“आन परवा कोण म्हणलं, अप्पा, ही जोडी माझ्या घरी असती तर मला अन्नपाणी सुचलं नसतं?”

“तेही मीच.”

अप्पांची बायको रुद्रम्मा दारात आली होती. तिच्यामागं शांताक्का, हातात चहाचा ट्रे. तिनं कर्ण्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, उत्तरेश्वरकडं मात्र पाहिलं नाही.

“तुमाला चोर म्हणायला जीभ रेटत न्हाय माझी,” अप्पा म्हणाले. “पर पुढच्या रविवारी येताल ते युनिट घिऊन या. न्हाय तर ह्या उंबऱ्यावर येऊ नका.”

उत्तरेश्वरनं तारेचा तुकडा उचलून खिशात टाकला. युनिटचं त्याला काही नव्हतं. पण तो उंबरा गेला, तर रविवार जाणार होता. आणि रविवार गेला, तर त्याच्या आठवड्यात उरणार काय होतं?

२

त्याची उभी नोकरी साक्षी उतरवण्यात गेली होती. त्यातून तो एवढंच शिकला होता: माणूस खोटं रचू लागला की शब्द वाढतात, आणि खरं झाकू लागला की शब्द आटतात.

गौरीशंकरचं गोडाऊन येरमाळा रस्त्याला. आत डीजेच्या पेट्यांची छतापर्यंत गेलेली भिंत. तो एका पेटीवर पाय सोडून बसला होता.

“या, भाऊसाहेब. दादानं धाडलं असंल. कळंबात काय हरवलं की आधी गौऱ्या.”

“मला कुणी धाडलं नाही. सध्या चोर मी आहे.”

गौरीशंकर हसला. “मग बसा की. घरचेच झालात.”

“तुला ती जोडी कधी हवीशी वाटली नाही?”

“त्या डबड्याला काय करू? माझी ही भिंत वाजली की मोंढ्यातली कबुतरं उडत्यात.” तो थोडा वेळ पायानं पेटी बडवत राहिला. “पर भाऊसाहेब, एक बघा. माझ्या भिंतीसमोर लोकं नाचत्यात, ओरडत्यात, कान झाकत्यात. डोळं मिटून कुणी बसत न्हाय. दादाच्या त्या मुठभर आवाजासमोर, दर रविवारी धाराशिवहून येणाऱ्या त्या डॉक्टरासारखा मानूस डोळं पुसतो. एकाच बापाची आमी लेकरं. त्याला डोळं पुसणारी मिळाली, मला नाचणारी.”

उत्तरेश्वरनं सहज विचारावं तसं विचारलं, “समज कर्णा काढून टाकला आणि मशीन तशीच चालू केली, तर काय होतं रे?”

“काय व्हायचंय? आवाज यायचा न्हाय. आमी इथं दिसभर पेट्या न जोडता चालू ठिवतो, टेस्टिंगला. तारेला तार चिकटू द्यायची न्हाय, एवढं जपायचं.”

उत्तर तोंडातून निसटल्यासारखं आलं होतं, विचार न करता. उत्तरेश्वरनं खिशातला तुकडा पुढं केला.

“शेगडीची हाय,” गौरीशंकरनं तो बोटावर लोंबकळवला. “ही मशीनला? कुणी येड्यानं बांधली?”

“तेच तर बघतोय.”

“माझ्याकडं काय बघता. डॉक्टरकडं जावा. बाजाराच्या दिवशी सांजंला त्यांची गाडी दादाच्या दारात हुती. दादा दुकानात. अन रविवारी ते बैठकीला आलेच न्हाईत, व्हय की न्हाय?”

व्हय. रविवारचं तर खरंच होतं. उत्तरेश्वरला एकदम आठवलं, डॉक्टर आतल्या दाराकडं मान करून “अक्का, तुमच्या हातचा चहा” म्हणाले की शांताक्का हसायची. त्याच्या वाट्याला ते हसू कधी आलं नव्हतं. चोर डॉक्टरच निघावा, असं त्याला मनापासून वाटलं. आणि वाटलं म्हणूनच त्याला स्वतःची भीती वाटली.

३

डॉक्टर कृष्णराज धाराशिवात डोळ्यांचे डॉक्टर. एसटीतून उतरून उत्तरेश्वर त्यांच्या घरी गेला तेव्हा ते जेवून उठले होते. त्यांनी दिवाणखान्याचं दार उघडलं आणि उत्तरेश्वर उंबऱ्यातच थबकला.

कोपऱ्यात नवाकोरा सागवानी कर्णा उभा होता. अप्पांच्या कर्ण्याचा जुळा भाऊ. लाकडाला अजून पॉलिशचा वास. आणि त्याच्या गळ्याशी, अगदी तसंच, मोकळं भोक.

“बघितलंत?” डॉक्टर म्हणाले. “आता म्हणा चोर.”

“अजून म्हटलं नाही.”

“म्हणालात तरी रागावणार नाही. मी ही मशीन परदेशातून आणली. व्हॉल्व्हची, अप्पांच्या मशीनसारखीच नाजूक. पेट्याही तिथल्याच. जोडल्या, तर मशीन कण्हायला लागली. पेट्या खादाड, मशीन अल्पाहारी. संसार कसा व्हायचा? म्हणून सुताराकडून हा कर्णा करवला. आता फक्त गळा हवा. अप्पांकडं मागितला तर म्हणाले, माझा जीव मागा.”

“बाजाराच्या दिवशी तुम्ही तिथं गेला होतात.”

“गेलो होतो. अप्पा नसताना गेलो, हेही लिहून घ्या. गळ्याचं माप घ्यायचं होतं, म्हणजे त्या मापाचं युनिट कुठं मिळतंय का बघता आलं असतं. टेप काढला, तर अक्का दारातून म्हणाल्या, कशाला वाकताय, आणि माप तोंडपाठ सांगितलं. आट्यांसकट. चहा दिला, तुम्ही नुकतेच उठून गेलात म्हणाल्या. मी निघालो तेव्हा युनिट जागेवर होतं.”

“आणि रविवारी?”

डॉक्टर खुर्चीत बसले. “रविवारी ऐकून घरी आलं की हे घर मला मुकं वाटतं, भाऊसाहेब. बायको बोलते, टीव्ही चालू असतो, तरी मुकं. त्या रविवारी ठरवलं, जायचंच नाही. दुसऱ्याच्या ताटातलं किती दिवस हुंगायचं?”

उत्तरेश्वरला या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यानं तारेचा तुकडा टेबलावर ठेवला आणि तो कुठं बांधलेला होता ते सांगितलं.

डॉक्टर ताठ झाले. कपाटातून त्यांनी मीटर काढला, तुकड्याच्या दोन टोकांना लावला, काटा बघितला आणि पुन्हा लावून बघितला.

“ही थट्टा नाही,” ते हळूच म्हणाले. “व्हॉल्व्हच्या मशीनला समोर कुणीतरी लागतं. कर्णा काढला आणि कुणी नकळत बटण दाबून गाणं लावलं, तर तिची ताकद जाणार कुठं? आतल्या आत उसळते आणि पोटातला ट्रान्सफॉर्मर जळतो. जुना ट्रान्सफॉर्मर जळला की मशीन संपली. म्हणून कर्ण्याच्या जागी हा लटका भार बांधलाय. गाणं ह्या तारेत मुकाट जिरून गेलं, मशीन वाचली. आणि माप बघा. अप्पांचा कर्णा सोळा ओहमचा. ही तारही सोळा. अख्ख्या शेगडीची तार याच्या तिप्पट भरते. मोजून तेवढीच कापलीय.”

“तुम्ही असतात तर हेच केलं असतंत?”

डॉक्टरांनी खण उघडला. आत चिनी मातीचे, नीट आकडे घातलेले रेझिस्टर ओळीनं मांडलेले. “मी ह्यातला एक लावला असता. माझ्या घरात शेगडी कुठाय? आणि हे बघा.” त्यांनी तार नाकाशी नेली, मग उत्तरेश्वरच्या नाकाशी.

तारेला करपलेल्या दुधाचा वास होता.

एसटी कळंबकडं निघाली तेव्हा तो वास त्याच्या खिशात होता. युनिट नेणारा हात कळंबातल्या कुठल्याही चुलीशी असू शकत होता. पण एकाच चुलीशी त्या कर्ण्याचं माप तोंडपाठ होतं. उत्तरेश्वरनं खिडकीची काच उघडली. हे नाव त्याला नको होतं.

४

तो मुद्दाम अप्पा दुकानात असताना गेला. रुद्रम्मा शेंगा फोडत बसली होती. तिचं माहेर सीमेपलीकडचं, आणि जिभेला तिकडच्या मिरचीची सवय.

“या की, चोर आले. बसा. ह्यांनी उंबरा बंद केलाय म्हणं, पर मागचं दार माझं हाय.”

“वहिनी, मशीन गेली असती तर तुम्हाला वाईट वाटलं असतं?”

“वाईट? ती माझी सवत हाय, भाऊसाहेब. तिच्यावर मखमलीचा रुमाल, माझ्या अंगावर हे बघा काय हाय ते. माझ्या गुडघ्याला तेल लावा म्हणलं तर कानावर येत न्हाय, तिच्या वातीला धूळ बसली तर हे कापूस घिऊन धावत्यात. म्या युनिट नेलं असतं ना, तर संगं मशीनबी आडात टाकली असती. जळाली असती तर नारळ फोडला असता.”

ती हसत होती, पण शेंग फुटली ती जरा जोरातच. उत्तरेश्वरनं घरातली जुनी शेगडी मागितली. रुद्रम्मानं माळ्यावरून ती काढली. दुधानं काळी पडलेली पांढऱ्या मातीची तबकडी, आत नागमोडी खाच, खाचेत तार. पण खाच एका बाजूला मोकळी होती. जवळजवळ तिसरा हिस्सा. तार तुटलेली नव्हती. टोक सरळ कापलेलं होतं.

“अगं बाई, हिची तार कुणी खाल्ली?”

“कामाची असेल कुणाच्या.” त्यानं शेगडी खाली ठेवली. “वहिनी, चोरीच्या आधल्या रविवारी घरात काही झालं होतं का? भांडण, बोलाचाली?”

“काय न्हाय. तुमी सगळे गाणं ऐकत हुता. चहाला उशीर झाला, एवढंच. त्या तबकडीतल्या बाईचं गाणं संपलं आन तुमी म्हणलात, असा गळा म्या जन्मात ऐकला न्हाय. ह्यांनी मान डोलावली. अक्का ट्रे घिऊन दारात उभ्या हुत्या. त्यांनी ट्रे तिथंच खाली ठेवला आन मागं गेल्या. चहा गार झाला, म्या परत केला. का हो?”

“नाही, सहज.”

असा गळा जन्मात ऐकला नाही. तो हे म्हणाला होता. का म्हणाला होता, ते त्याला आत्ता, शेंगांच्या टरफलांकडं बघताना, नीट कळलं. अप्पा, डॉक्टर, सगळे समोर असताना त्याला भरून आलं होतं. आणि ज्या गळ्याची आठवण होऊन भरून आलं त्याचं नाव घेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं समोर होता त्या गळ्यावर ते कौतुक टाकून दिलं होतं. जिचं होतं तिला टाळून, फिरत्या तबकडीवर.

शांताक्का मागच्या पडवीत वाकळ शिवत बसली होती. शेजारी जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं.

“अक्का,” तो बसला. “डॉक्टरांना तुम्ही गळ्याचं माप सांगितलंत. कसं ठाऊक?”

“हुतं.”

“मशीनवर कोण असायचं टॉकीजमधे? अप्पा?”

“रामलिंग दाराला असायचा. तिकिटाला.”

“आणि मशीनवर?”

टाका पडला. दुसरा पडला. “बाबा,” ती म्हणाली. थोड्या वेळानं, “आन मी.”

“कर्णा दुरुस्तीला गेला की बाबा मशीनला काय बांधायचे?”

तिचे हात थांबले. सुई निसटली, वाकळीवरून घरंगळली. ती जमिनीवर चाचपू लागली. इथं नव्हती, तिथं नव्हती. उत्तरेश्वरला दिसली. लुगड्याच्या गाठोड्याला बाहेरून चिकटून ती सुई उभी होती. नेढ्यातून लोंबणारा दोरा वाऱ्यानं हलत होता.

त्यानं हात पुढं केला आणि सुई ओढली. ती सहज सुटली नाही. आतलं काहीतरी तिला धरून होतं. त्यानं जरा जोर लावून ती सोडवली आणि शांताक्काच्या तळहातावर ठेवली.

तिनं मूठ मिटली.

५

रविवारी तो रिकाम्या हातानं उंबरा ओलांडून आत आला. अप्पा समोरच्या खुर्चीत होते. डॉक्टर आले होते. गौरीशंकरही, त्याला भावानंच बोलावलं होतं. रुद्रम्मा भिंतीला टेकून. शांताक्का आतल्या दाराच्या चौकटीत, जिथं ती नेहमी उभी राहायची.

“युनिट कुठाय?” अप्पांनी विचारलं.

“आणलं नाही. पण ते कुणीकुणी नेलं नाही, एवढं सांगू शकतो.”

“हे उलटंच झालं.”

“ऐका तर. तुम्हाला ती तार थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. कर्णा नसताना तुम्ही गाणं लावलंत, तर मशीन जळायची. जळली नाही, कारण कुणीतरी कर्ण्याइतक्याच मापाची तार आधीच बांधून ठेवली होती. ज्यानं गळा नेला, त्यानंच. म्हणजे नेणाऱ्याला मशीनचं वाईट करायचं नव्हतं.”

अप्पा मशीनकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“गौरीला हे माहीत नाही. त्याच्या नव्या अँप्लिफायरना समोर काही नसलं तरी चालतं, आणि व्हॉल्व्हलाही चालतं असंच तो समजतो. विचारल्याबरोबर सांगून मोकळा झाला. रचायला त्यानं श्वासभरही वेळ घेतला नाही.”

“म्हणजे म्या येडा म्हणून सुटलो,” गौरीशंकर म्हणाला.

“सुटलास ना. डॉक्टरांना माहीत आहे, आणि गळा त्यांना हवाही होता. पण त्यांच्याकडं बांधायला तयार रेझिस्टर आहेत, आणि ही तार ह्याच घरातल्या शेगडीची आहे. वहिनींनी ती शेगडी मला दाखवली. वहिनींच्या हाताशी ती होती, पण वहिनींनी गळा काढला असता तर मशीन वाचवायची तसदी घेतली नसती.”

“अजिबात न्हाय,” रुद्रम्मा म्हणाली.

“मग?” अप्पा पुढं सरकले. “ह्या घरातली शेगडी म्हणता. तारेचं माप ठाऊक असणारं म्हणता. राहिलं कोण?”

इथवर त्यानं वाटेत येताना शब्द जुळवून ठेवले होते. पुढचे ठेवले नव्हते. एक नाव म्हटलं की उंबरा परत मिळणार होता. अप्पा हात धरून खुर्चीत बसवणार होते, कदाचित समोरच्या. आणि आतल्या दाराची चौकट रिकामी होणार होती. भावाच्या घरात चोर ठरलेली बहीण कुठल्या तोंडानं उभी राहील?

“राहिलो मी,” उत्तरेश्वर म्हणाला. “ह्या घरात माझी ये-जा आहे. मागचं दारही मला ठाऊक आहे. तसंच धरा, अप्पा. उद्यापासून मी येणार नाही. युनिट तुम्हाला मिळेल, एवढी हमी देतो.”

“भाऊसाहेब,” डॉक्टर म्हणाले, “ही तार कशाला बांधतात, हे तुम्ही मलाच विचारायला आला होतात. आणि बाजाराच्या दिवशी मी तुमच्यानंतर गेलो, युनिट जागेवर होतं. तुम्ही साक्षी उतरवायच्या. साक्ष द्यायचं तुमचं काम नाही.”

गौरीशंकर हसला, पण लगेच गप्प झाला, कारण अप्पा उठले होते. ते उत्तरेश्वरसमोर येऊन उभे राहिले.

“कुणाला पाठीशी घालताय तुमी? माझ्या घरात बसून माझ्याशीच लपवाछपवी? नाव सांगा, न्हाय तर खरंच चालते व्हा.”

उत्तरेश्वरनं चपलांकडं पाहिलं आणि तो दाराकडं वळला.

“रामलिंग, त्यांना बसव,” शांताक्का म्हणाली.

ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या कडेवर लुगड्याचं गाठोडं होतं, लेकरू घ्यावं तसं. तिनं ते मशीनशेजारी ठेवलं आणि गाठ सोडली. युनिट बाहेर आलं. तिनं पदरानं त्याच्या आट्यांवरची धूळ पुसली.

“म्या काढलं.”

अप्पांना खाली बसायला खुर्ची सापडेना. “अक्का, तू? का गं? मागितलं असतंस तर म्या दिलं नसतं का?”

“काय मागायचं हुतं, रामलिंग? मशीन तुला गेली, तवा म्या बोलले न्हाय. वाटणीत लेकीचं नाव निघत न्हाय, ते मला ठाऊक हुतं. उमरग्याला सासऱ्यानं सांगितलं, सुनेचा आवाज माजघराबाहेर यायचा न्हाय. तवाबी बोलले न्हाय. गाणंच मिटलं माझं, पर म्हणलं, मिटू दे. इथं आले. दर रविवारी तुमी परक्या बायांच्या गळ्यासमोर डोळं मिटून बसायचात आन मी भिंतीमागं चहा गाळायची. त्याचाबी राग न्हाय आला.”

“मग कशाचा आला?” अप्पांनी विचारलं.

तिनं युनिटवरचा हात काढला. इतक्या रविवारांत पहिल्यांदा ती उत्तरेश्वरकडं सरळ बघत होती, आणि बोलत मात्र भावाशीच होती.

“ह्यांनी माझा गळा ऐकलाय. सोनारीला. आत न जाता तंबूबाहेर उभे राहायचे, मला मशीनपासून दिसायचे. आन तरी त्या दिशी त्या तबकडीतल्या बाईला म्हणले, असा गळा जन्मात ऐकला न्हाय. तू म्हणला असतास, डॉक्टर म्हणले असते, मी चहा दिला असता. ह्यांच्या तोंडून दुसरीचं ऐकवलं न्हाय मला, रामलिंग. तिचा गळाच काढून ठेवावा वाटला.”